नांदुऱ्यातील दोन दिव्यांची तसबीर

खुनाचे, दरोड्याचे तपास नोकरीत पुष्कळ केले. पण नांदुऱ्याची ती तसबीर आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

परदेशातून एक ज्यू बाई अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. त्यांचे आजोबा हिटलरच्या काळात जर्मनीतून जीव वाचवून आले आणि नांदुऱ्यातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनिअर झाले. येताना त्यांनी बायकोचं रंगवलेलं चित्र तेवढं आणलं. बायको मागे राहिली आणि छळछावणीत मारली गेली. युद्ध पेटताच इंग्रज सरकारनं आजोबांनाच शत्रुदेशाचा माणूस म्हणून उचललं. ते कैदेतच वारले, चित्र मात्र नांदुऱ्यातच कुठेतरी राहिलं. त्यांची मुलगी, म्हणजे या बाईंची आई, लहानपणीच इंग्लंडला धाडलेली. ती आता नव्वदीकडे झुकली होती. तिच्याजवळ आईचा एकही फोटो नव्हता. डोळे मिटण्याआधी आईचा चेहरा पाहायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

वरिष्ठ म्हणाले, "अहो, पाऊणशे वर्षांपूर्वीचं प्रकरण. निकाली काढा."

पण मी पडलो हट्टी. चौकशी न करता अर्ज दप्तरी लावणं मला कधी जमलंच नाही.

खबऱ्यानं सांगितलं, जुन्या वस्तूंचा एक व्यापारी गावात 'देवीची विलायती तसबीर' शोधतोय. 'विलायती' ऐकताच मी त्या व्यापाऱ्याला आणून बसवला. चहा दिला आणि काहीच विचारलं नाही. गप्प बसलेल्या पोलिसाची माणसाला जास्त धास्ती वाटते. थोड्या वेळानं तो घडाघडा बोलला. जिनिंगच्या जुन्या चौकीदाराच्या मुलाकडे तसबीर आहे, देवीपुढे दोन दिवे आहेत, पण तो मुलगा, आता म्हातारा झालेला, दारातही उभं करत नाही.

हवालदाराला घेऊन मी त्या घरी गेलो. "बाबा, देवीची तसबीर काढा."

म्हातारा भडकला. "आमच्या बापानं दीक्षा घेतली तवाच देव-देवी सोडल्या! बौद्धाच्या घरात देवी काऊन राहीन? पाहा लागते त पाहून घ्या!"

खोटं बोलणारा आधी बिचकतो. हा चिडला होता. झडती न घेताच मी परतलो, पण मन मानेना.

ठाण्यात बाईंना हकिगत सांगितली, तर त्या ताडकन उठल्या. "देवी? ती माझी आजी आहे! शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी बायका दिवे लावतात."

हात्तिच्या! दिवे ऐकून व्यापाऱ्यानं देवी ठरवली आणि मी तीच मागत बसलो!

लगेच बाईंना जीपमध्ये घेऊन पुन्हा गेलो. "बाबा, जिनिंगच्या साहेबाच्या बायकोचं चित्र आहे का?"

"मंग असं म्हना ना! हाय." म्हातारा लगेच म्हणाला. "साहेबाले पकडून नेलं तवा त्यानं ते माह्या बापाजवळ ठेवलं. पन देनार नाही. साहेबाच्या रक्ताशिवाय कोनाले देऊ नको, असं बाप मरतानी सांगून गेला. हे बाई कोन, मले काय मालूम?"

मी पासपोर्ट पुढे केला. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "चित्रात काय हाय ते सांगा म्हना."

बाईंनी चित्र कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी मोबाइलवर आईला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून थकलेल्या आवाजात उत्तर आलं, "डोक्याला पांढरा रुमाल, समोर दोन दिवे." बाई तिचं बोलणं मला इंग्रजीत सांगत, मी बाबांना.

"हे त त्या व्यापाऱ्यालेही मालूम हाय."

बाईंनी आईला विचारलं, आणखी काही आठवतं का? मग म्हातारी सावकाश म्हणाली, "रंग ओला होता, तेव्हा मी खालच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. चित्रकार पुसायला निघाला. आई म्हणाली, राहू दे."

बाबा उठून आत गेले आणि लुगड्यात गुंडाळलेली तसबीर घेऊन आले. मी ती उजेडात धरली. खालच्या कोपऱ्यात एक इवलासा ठसा होता. नोकरीभर बोटांचे ठसे पाहिले, पण गुन्ह्याशी संबंध नसलेला हा पहिलाच.

फोन चित्रासमोर धरला. म्हातारी "मामा, मामा" म्हणत पडद्यावर हात फिरवत राहिली. तिच्या भाषेत 'मामा' म्हणजे आई, हे बाबांना कोणी सांगावं लागलं नाही. दुपट्ट्यानं डोळे पुसून ते म्हणाले, "बाई, तुमची माय आमी सांभाळून ठेवली. आता घेऊन जा."

पंचांसमोर ताबा पावती केली आणि तसबीर बाईंच्या हाती दिली.

त्यानंतर कोणाच्याही दारात चौकशीला गेलो की काय शोधतोय ते नंतर, आणि कोणाचं हरवलंय ते आधी सांगू लागलो.