बाबांनी पकडलेली सम

आमचं इतवारीत मिरचीचं दुकान. भिवापूरची मिरची पोत्यांनी यायची आणि आलेलं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी शिंकायचं. मला मात्र पियानोवर बसायचं होतं, तेही जॅझ वाजवायला. सदरच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका निवृत्त रेल्वेगार्डनं मला ते वेड लावलं होतं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉटेलनं संध्याकाळच्या चहाला वाजवून दाखवायला बोलावलं. बाबा म्हणाले, "ठेवून घेतलं त वाजव. नाही त सोमवारपासून दुकानात बसाचं." मी एकुलता एक. हा आपटला तर बरंच, असं त्यांना वाटत असणार याची मला खात्री होती.

ऐकायला ते स्वतः आले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, सोबत भजनी मंडळातले दोघे. बसले ते अगदी पियानोसमोर. मंडळात बाबा मृदंग वाजवायचे. कुणाची सम, तालाचा तो पहिला ठोका, चुकली, की ते त्याच्याकडे असं बघायचे की बिचाऱ्याला पुढची ओळ आठवू नये.

आता जॅझची गंमत अशी, की कान जिथे ठोक्याची वाट बघतो तिथे तो द्यायचाच नाही. जरा आधी, जरा नंतर, हुलकावणी देत जायचं. मी पहिली हुलकावणी दिली आणि बाबांच्या कपाळाला आठी पडली. दुसरीला ते खुर्चीत पुढे सरकले. पोरगं घाबरलं, सम सुटली, असं ते धरूनच चालले. आणि भजनात कुणी चुकलं की बाकीच्यांनी टाळी देऊन त्याला सावरून घ्यायचं, हा मंडळाचा रिवाज. बाबा उभे राहिले आणि समेवर खणखणीत टाळी दिली. मागोमाग त्या दोघांनीही. मी निसटायचो, ते तिघं मला धरून आणायचे. "हे घे! इथं हाय, इथं!" बाबा ओरडत होते. एका साहेबाला चहाचा ठसका लागला. शेवटी मी शरण गेलो आणि समेवर दणकून थांबलो. "हां!" तिघं एकदम म्हणाले.

मॅनेजरनं मला बाजूला घेऊन अगदी नम्रपणे नकार दिला.

परतताना सायकलरिक्षात बाबा मांडीवर ताल धरून बसले होते. मी चिडून मनातल्या मनात जॅझवरचं भाषण तयार करत होतो. तेवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हातात गोडी हाय तुह्या. फक्त सम सापडून नाही राहिली."

"मग सोमवारी..."

"सोमवारी दुकानात येऊ नको. घरी बस, रियाज कर. सम सापडेपर्यंत मले दुकानात दिसू नको."

मला हरलेलं बघायला आलेला माणूस चारचौघांत मला सावरायला उभा राहिला होता. भाषण मी गिळून टाकलं.

ते होते तोवर ती सम मी काही सापडू दिली नाही.