शाळेच्या खिडकीबाहेरचे बाबा

बाबांच्या पंच्याहत्तरीला गास गावातल्या आमच्या वाडीत मांडव घातला होता. जेवणाचं भावाने बघितलं, पाहुण्यांचं बहिणीने. मी थोरला, म्हणून बाबांविषयी चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं.

त्या दिवसांत मी मोबाइलवर एक गेम खेळत होतो. अजूनही खेळतो, उगाच खोटं कशाला बोलू? आमच्या लहानपणी गेम संपायचे. हे संपत नाहीत. रोज हजेरी लावली की बक्षीस, काही महिन्यांनी नवा सीझन, आणि जुन्यात जे मिळवायचं राहिलं ते कायमचं हातचं गेलं. बायको म्हणते, "सासूबाईंच्या मालिकेसारखंच आहे हे. फरक इतकाच की त्या बसून बघतात आणि तू त्यात धावतोस." कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तो सीझन संपणार होता. शहरातल्या एव्हरशाईन कॉम्प्लेक्समधल्या आमच्या घरात मी सोफ्यावर बसून खेळत होतो आणि भाषण लिहायचं राहिलं होतं.

एआयबद्दल माझं मत तोवर फार चांगलं होतं. ऑफिसचे ईमेल, सोसायटीच्या नोटिसा, सगळं मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचो. चहाच्या वेळी इतरांनाही सांगायचो की असल्या कामात डोकं कशाला झिजवायचं.

"बाबांबद्दलही त्यालाच विचारणार?" बायकोने विचारलं.

"सुरुवात करून देतं गं. पुढे मी बदलेन."

वडील शेतकरी, केळीची आणि फुलांची वाडी, कमी बोलतात, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, एवढं मी त्याला सांगितलं. त्याने लगेच लिहून दिलं. मी वरवर वाचलं, एक शब्दही बदलला नाही आणि पुन्हा गेम उघडला.

दुसऱ्या दिवशी मांडवात मी ते मोबाइलवर बघून वाचलं. त्यात एक प्रसंग होता. शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडत होतो, तर बाबा वाडीला पाणी द्यायचं काम टाकून दुपारपर्यंत वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहिले, मी मान वळवली की हात हलवायचे. असं काही मला आठवत नव्हतं. पण वाचताना ते खुपलंही नाही. घडलं असेल, असंच वाटलं. आत्याने पदर डोळ्यांना लावला. टाळ्या झाल्या. बाबा खाली बघत होते. ते भारावले असतील, असं मी समजलो. आई त्यांच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. "यांना डॉक्टरकडे न्यायचंय. विसरायला होतंय म्हणतात."

"काय विसरले?"

"तू सांगितलंस ना ते, शाळेचं. त्यांना काहीच आठवत नाही. रोज सकाळी बसून आठवत बसतात. आत्याला विचारलं, शेजारी विचारलं. मोठ्या काकांचं झालं तसं आपलं होणार, हे डोक्यात घेतलंय."

मोठे काका शेवटी स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हते. फोनवर खरं सांगायला तोंड नव्हतं. रविवारी स्कूटर काढून गासला गेलो.

बाबा ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते. मी समोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, तुम्ही काही विसरला नाहीत. ते घडलंच नव्हतं."

"मग तू बोललास कसा?"

"मी लिहिलं नव्हतं. मोबाइलमध्ये एआय असतं, त्याने लिहून दिलं. मी नुसतं वाचलं."

कळ्या निवडता निवडताच त्यांनी विचारलं, "त्याला कुणी सांगितलं, मी उभा होतो म्हणून?"

"कुणी नाही. त्याने मनानेच रचलं."

"आणि तुला वेळ नव्हता."

गेमचं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला, मोठा श्वास सोडला त्यांनी. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होतो, पण ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "मी त्या वेळी शाळेत गेलोच नसणार. वाडीला पाणी द्यायचं असायचं सकाळी. तुझ्यासोबत कोण आलं होतं?"

मला माहीत नव्हतं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मी गेले होते. रडत होतास खूप. बाईंनी आत येऊ दिलं नाही, म्हणून खिडकीशी थांबले. मधल्या सुट्टीपर्यंत."

मांडवात ती हे सगळं ऐकत बसली होती.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मी निघून आल्यावर हेही येऊन उभे राहिले असतील, तुला तेच आठवत असेल," ती म्हणाली. "बरं वाटत होतं रे यांना. म्हटलं, असू दे."

बाबांनी कळ्यांची परडी बाजूला सारली आणि तिच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आत्याला आणि सगळ्यांना फोन करून खरं सांगतो. आई म्हणाली, आधी जेवून घे, भात निवतोय.

जेवताना मी तिला त्या सकाळचं आणखी विचारलं. शर्ट कुठला होता, बाई कोण होत्या, ती कुठल्या बाजूला उभी होती. ती एकेक सांगत गेली. मधेच म्हणाली, "हे तू कधी विचारलंच नव्हतंस," आणि पुन्हा वाढायला उठली.