जुन्या इंजिनाची घरघर

गॅरेजमध्ये साखळीला टांगलेलं, बाबांच्या काँटेसा गाडीचं इंजिन थेंब थेंब तेल गाळत होतं. "यात आता राम नाही राहिला, साहेब," मिस्त्री म्हणाले. मी ते मोडीत दिलं, नवं बसवलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ऐटीत घरी निघालो.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई सगळंच विसरत चालली आहे. पण वळणावर जुन्या इंजिनाची घरघर ऐकू आली, की बाबा आले म्हणून उठून चहाचं आधण ठेवायची. गेलेलं माणूस कुणासाठी कशात उरलेलं असतं, ते मोडीत काढताना कळत नाही.

आज गाडी दारात थांबली. आई जागची हलली नाही. मी आत गेलो, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "हे घरी नाहीत. नंतर या."