शंका असेल त्यानं लिंबू धरावं

लाठी-काठीचा क्लास चालवणाऱ्या बाईच्या अंगावर वळ फारसे उठत नाहीत, डोक्याला ताप मात्र रोजचा. संध्याकाळी घरी येऊन मी तो ताप नवऱ्यासमोर ओकते. पोट धरून हसून झालं की तो म्हणतो, "लिहून ठेव गं, नाहीतर बीपी वाढेल." त्याला हसायला काय जातंय!

उदगीरला देवळामागच्या मैदानात माझा क्लास भरतो. लाठी, तलवार आणि दांडपट्टा. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात आत जाईल अशी लोखंडी मूठ आणि पुढे लवलवणारं लांब पातं. शिकायला येणारे पुष्कळ, टिकणारे थोडे, आणि पट्टा खरोखर हातात बसलेली एकच पोरगी, गौरी. माझे गुडघे आता कुरकुरतात. गौरी आहे तोवर क्लास आहे. ती गेली की या मैदानात नुसते लग्नाचे मांडव उभे राहणार, हे मला ठाऊक आहे.

* * *

आमच्यात हत्याराआधी पाय शिकवतात. मातीत चौकोन आखायचा आणि रिकाम्या हातांनी पुढं, मागं, वळ, बस, ऊठ. याला पवित्रे म्हणतात, आणि सुरुवातीचे काही महिने यातच जातात. हे मी पहिल्या दिवशीच सांगते. सगळे पालक मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक आई हजर!

"मॅडम, शनिवारी पोरीच्या शाळेत गॅदरिंग हाय. तलवार तेवढी शिकवून टाका."

"अहो, आधी पाय बसायला पाहिजेत तिचे."

"पायाचं राहू द्या हो. फोटो कमरेच्या वरूनच काढणार हाव आम्ही!"

* * *

महिलांची बॅच वेगळी. त्यांना स्वसंरक्षण पाहिजे असतं. आठवडाभर मी घसा फोडून सांगत होते, "संकट आलं की गोंधळायचं नाही. काठी दोन्ही हातांत घट्ट धरायची आणि जागा सोडायची नाही." सगळ्या जणी अगदी मन लावून ऐकत होत्या.

एक दिवस मी नळावर पाणी प्यायला गेले. तेवढ्यात हॉटेलाकडून एक कुत्रं आलं. परत येऊन बघते तर काय! सगळी बॅच कडुलिंबाच्या पारावर चढलेली, सगळ्या काठ्या खाली पडलेल्या, आणि कुत्रं काठ्यांवर बसून शेपूट हलवतंय.

"अहो, काठ्या कामून टाकल्या?" मी ओरडले.

वरून उत्तर आलं, "मॅडम, काठी धरून पारावर चढता येत न्हाई की!"

शेवटी गौरीनं नुसतं "हाड" म्हटलं आणि ते निघून गेलं.

* * *

आता गौरीचे वडील, म्हणजे अप्पा. किराणा दुकान, कपाळाला विभूती, आवाज साखरेसारखा. माणूस लाखात एक, पण धारेची भीती इतकी की घरात कुणी अडकित्ता उघडला तरी हे ओसरीवर जाऊन बसतात. पोरीला व्यायाम होईल म्हणून त्यांनी क्लासला घातलं. तिच्या हातात पट्टा बघितला त्या दिवशी ते दुकानातून खोकी चिकटवायची टेप घेऊन आले आणि आमची प्रार्थना चालू असताना अख्ख्या पात्याला गुंडाळून मोकळे झाले!

"मॅडम, बिनधारेचं काही मिळत न्हाई का?"

"मिळतं की. उलथनं म्हणतात त्याला."

"चिडू नका हो. पण पोरीला खरंच जमतंय का हे?"

माझ्या वस्तादांचा एक नियम होता, तोच मी चालवते. खेळणाऱ्यावर ज्याला शंका असेल, त्यानं स्वतःच्या तळहातावर लिंबू धरायचं. पट्ट्यानं लिंबाच्या दोन फाका होतात आणि हाताला ओरखडाही उठत नाही. म्हणजे शंका फिटते. मी पिशवीतून लिंबू काढून अप्पांसमोर धरलं.

अप्पा दोन पावलं मागं सरकले. "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणाले आणि चपला हातात घेऊनच निघाले.

सोमवार होता. सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं.

* * *

जयंतीच्या कार्यक्रमात आमची प्रात्यक्षिकं ठेवली होती. प्रमुख पाहुणे गावातले मोठं प्रस्थ. बोटाबोटांत अंगठ्या, मनगटात जाड कडं. फोटोसाठी त्यांना पट्टा घालायचा होता.

"साहेब, अंगठ्या काढाव्या लागतील," मी म्हटलं.

"उगं फिकीर करू नका बाई, हे हात लई ठिकाणी घातलेले हायत!" असं म्हणून त्यांनी हात आत सारला. फोटो झाले. मग हात बाहेर येईना. आधी ओढून बघितलं, मग दोघांनी धरून ओढून बघितलं. तेवढ्यात निवेदकानं त्यांचं नाव पुकारलं आणि साहेब पट्ट्यासकट माईकपुढं उभे राहिले. त्यांना हातवाऱ्यांशिवाय बोलता येत नाही. "आपल्या तालुक्याचा विकास!" म्हटलं की डावी बाजू रिकामी. "विरोधकांना विचारतो!" म्हटलं की उजवी. भाषण संपलं तेव्हा मंचावर साहेब आणि समई एवढंच उरलं होतं.

अप्पांनी दुकानातून खोबरेल तेलाचा डबा पाठवला. गौरीनं सगळं तेल ओतून हात मोकळा केला. साहेब जाताना मला म्हणाले, "मूठ जरा मोठी करून घ्या बाई. डिझाइनमध्ये मिस्टेक हाय!"

* * *

नांदेडला कार्यक्रम होता. तलवारी आणि पट्टे गोधडीत गुंडाळून आम्ही एसटीनं निघालो. परवानगीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. तरी "पोरगी परगावी चालली" म्हणून अप्पा सोबत आले. वाटेत त्यांनी गोधडीकडं एकदाही बघितलं नाही.

नांदेडच्या स्टँडवर एका हवालदारानं विचारलं, "काय हाय हो यात?"

मी पर्स उघडते न उघडते तोच अप्पांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, तलवारी हायत! पण माझ्या न्हाईत! मी किराणावाला माणूस हाय!"

झालं. कार्यक्रमाला मुली वेळेवर पोचल्या नाहीत, माझा घसा चौकीत बसला आणि अप्पांना तिथं चहा मिळाला.

परतीच्या गाडीत ते हळूच म्हणाले, "मॅडम, हे आता बास. गौरीला लातूरचं स्थळ आलंय. मुलगा कंपनीत हाय. लग्नानंतर पट्टा बंद, असं म्हणायलेत ते. मी हो म्हणून टाकलं."

"गौरीला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? गप बसली ती."

"गप बसली म्हणजे हो म्हणाली, असं वाटतंय तुम्हाला?"

अप्पा खिडकीबाहेर बघत बसले. गौरी पुढच्या सीटवर होती, मांडीवर गोधडीचं एक टोक घेऊन. मला इतका राग आला होता की अख्ख्या प्रवासात मी तिच्याशीही बोलले नाही. बोलले असते तर रडलेच असते.

* * *

पाहुणे बघायला येणार त्या दिवशी अप्पांनी मलाच बोलावलं. का? तर, "तुम्ही सांगा त्यांना, नुसती कवायत हाय म्हणून." माझ्या तोंडून! मी गेले ते केवळ गौरीसाठी.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. अव्वांनी, म्हणजे गौरीच्या आईनं, पोहे दिले. मुलाच्या वडिलांनी स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं, मग हसत म्हणाले, "ते पट्ट्याचं काय म्हणतेत? खरंच येतं का नुसतं मोबाइलमध्ये दाखवण्यापुरतं? तसं लग्नानंतर काय करायचंय म्हणा त्याचं. आमच्यात चालत न्हाई."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागले. कवायत हा शब्द माझ्या तोंडून निघणार नव्हता.

गौरी उठून आत गेली. आली तेव्हा उजव्या हातात क्लासचा पट्टा होता, घरात कधी आणून लपवला होता कोण जाणे, आणि डाव्या हातात लिंबू.

"आमच्या क्लासचा नियम हाय," ती म्हणाली. "शंका असंल त्यानं लिंबू धरायचं."

मुलाच्या वडिलांनी मामांकडं बघितलं. मामांनी मुलाकडं. मुलगा हसला, हात पुढं केला, पात्याकडं बघितलं आणि हात परत खिशात घातला. "मला लॅपटॉपवर काम असतं," तो म्हणाला. गौरी लिंबू धरून तशीच उभी. तिचे कान लाल झाले होते.

तेव्हा अप्पा उठले. मला वाटलं, चालले ओसरीवर! पण त्यांनी गौरीच्या हातातलं लिंबू घेतलं, आपल्या तळहातावर ठेवलं, हात लांब केला आणि डोळे गच्च मिटले. अव्वांनी पदर तोंडात धरला.

"अप्पा, हलू नका," गौरी म्हणाली.

"मी न्हाई हलायलो. लिंबूच हलायलंय!"

गौरीनं एक श्वास घेतला. पाय मातीत रोवले, आधी पाय, मग खांदा. पातं एकदाच लवलवलं.

अप्पांनी एक डोळा उघडला. हात जागेवर होता आणि हातावर दोन फाका. तळहात डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ओरखडा शोधला. मग त्यातली एक उचलली, मुलासमोर गेले आणि त्याच्या पोह्यांवर नीट, शेवटच्या थेंबापर्यंत पिळली.

"खाऊन घ्या," ते म्हणाले. "लातूरची गाडी लागली असंल."