भिंत, अण्णा आणि माझी भूमिती

स्वतःहून सरकारी मोजणी मागवून स्वतःचीच दीड फूट जागा घालवणारा माणूस नाशिकमध्ये दुसरा असेल, असं मला वाटत नाही. त्यात मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. (माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज पूल बांधतात. देव त्या पुलांचं रक्षण करो.)

मखमलाबाद रस्त्याला आमचं बैठं घर आणि शेजारी अण्णांचा मळा. मेथी, शेपू आणि सणाला झेंडू. मध्ये तारेचं कुंपण. निवृत्त झाल्यापासून रोज पाच वाजता मी चहाचा कप घेऊन तारेशी जायचो, पलीकडून अण्णा तंबाखू मळत यायचे, आणि मग दोन तास बाजारभावापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांचा निकाल लागायचा. दोघांच्या कोपरांनी तार एका जागी पार लोंबली होती.

एकदा कुंपणाचा कुजलेला खांब अण्णांनी बदलला. मला तो आमच्या बाजूला वीतभर सरकल्यासारखा वाटला. मी लगेच दोरी लावली.

"सर, खांब जुन्याच खड्ड्यात रवलाय," अण्णा म्हणाले. "नवा खड्डा खणायची मला कुठं हौस हाय?"

"मग खड्डा सरकला असेल," मी म्हणालो.

अण्णा पोट धरून हसले. तिथं माझं डोकं फिरलं. खांब मी सोडलाही असता, पण ते हसू सोडवेना. दुसऱ्याच दिवशी मोजणीचा अर्ज टाकला आणि यथावकाश अण्णांच्या घरी नोटीस गेली.

नोटीस हातात घेऊनच ते तारेशी आले. "इथून सांगितलं असतं तरी हलवला असता की खांब. टपालानं कशाला, सर?"

मी म्हणालो, "काम नियमानं झालेलं बरं." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

मोजणीवाले यंत्र घेऊन आले. तिपाई मांडली, खुणा केल्या, नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. खांब अण्णांच्याच हद्दीत होता. शिवाय आमची धुण्याची दगडी फरशी आणि बायकोचा कढीपत्ताही त्यांच्याच हद्दीत होता. इतकी वर्षं आम्ही अण्णांच्या जमिनीवर कपडे आपटत होतो.

"राहू द्या, सर," अण्णा म्हणाले. "कढीपत्त्याला कुठं सातबारा कळतो?"

गप्प बसायची हीच वेळ होती. पण मी म्हणालो, "नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व." आणि बरोबर रेघेवर, आतबाहेर गिलावा करून, सहा फूट भिंत बांधली. कढीपत्ता पलीकडे गेला.

"आता तत्त्वाची फोडणी घालते," बायको म्हणाली. त्या दिवशी खरोखर नुसत्या मोहरीच्या फोडणीची आमटी झाली.

पहिले दोन दिवस मी भिंतीकडे अभिमानानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाच वाजता सवयीनं कप घेऊन बाहेर आलो आणि भिंतीसमोर उभा राहिलो. बोलायला पुष्कळ होतं, ऐकायला फक्त विटा होत्या. मला अण्णांची आठवण यायला लागली. माणूस दहा पावलांवर, आणि मी परगावी गेलेल्यासारखा झुरतोय! फाटकातून वळसा घालून जायला दोन मिनिटं लागली असती. पण जाऊन म्हणायचं काय? चुकलो? मास्तर माणूस, हा शब्द मी फक्त दुसऱ्यांच्या वहीत लिहिलेला.

मग मी मोठ्यानं खोकून पाहिलं. पलीकडूनही खोकला आला. मला गहिवरून आलं. बायको म्हणाली, "ते पालापाचोळा जाळतायत. धूर गेला असेल घशात."

शेवटी स्टूल घेऊन भिंतीवरून डोकावलो. स्टूल कलंडलं. मी दोन्ही हातांनी भिंतीला लटकलो, हनुवटी वर, बाकीचा मी खाली. पलीकडे अण्णांच्या बायकोनं वर पाहिलं.

"अहो, सर आलेत भिंतीवर."

मेथीच्या वाफ्यातून आवाज आला, "मोजत असतील."

तसा लटकलेला असतानाच मला सुचलं: मोजणीला दोन्ही शेजाऱ्यांना बोलावतात. खाली पडलो, कपडे झटकले आणि दुसरा अर्ज टाकला.

"भिंत झाली ना? मग आता काय मोजायचं?" कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं.

"शंका आहे," मी म्हणालो.

मोजणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. अण्णा धुतलेली टोपी घालून आले. भिंत सुतात निघाली, इंचाचाही फरक नाही.

"या खेपेला काय घालवायचं होतं, सर?" अण्णांनी विचारलं.

आठवडाभर पाठ केलेलं भाषण मला आठवेना. "चहा घ्या," एवढंच म्हणालो. दोघं ओट्यावर बसलो. अण्णांनी तंबाखू मळायला घेतली आणि मला इतकं बरं वाटलं, की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

"पुढच्या महिन्यात चाललो," ते म्हणाले. "मळा बिल्डरला दिला. पोरानं सायखेड्याला घर बांधलंय, तिकडंच राहायचं."

"कधी ठरलं हे?"

"दिवाळीतच. तुम्हाला पहिलं सांगणार होतो." त्यांनी मळलेली तंबाखू दाढेखाली ठेवली. "पण भिंत लय उंच झाली, सर."

ते गेले. आता पलीकडे झेंडूच्या जागी खड्डा खणलाय, मोठी इमारत येतेय. पाच वाजता कप घेऊन मी अजून बाहेर जातो. बोलायला कुणी नाही. हद्द मात्र चोख आहे. सरकारनं दोनदा मोजून दिलीय.