चित्र गेलं, आवाज राहिला

देवाने जग केलं ते ठीकच केलं, पण त्याचं सेटिंग जरा घाईत लावलं, अशी ज्याची मनोमन खात्री आहे असा माणूस साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच असेल, आणि तो कासारवाडीत आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. हे काका चाकणच्या एका कंपनीत सेटर होते. मशीनवर काम सुरू होण्याआधी हत्यार, माप, वेग सगळं जुळवून द्यायचं, ही त्यांची नोकरी. काका निवृत्त झाले, हात काही झाले नाहीत. आमच्याकडे चहाला आले की चहा निवेपर्यंत दाराची कडी, भिंतीवरचं घड्याळ आणि पंख्याचा रेग्युलेटर यांचा समाचार घेऊन होतो. एकदा सोसायटीच्या लिफ्टचं दार "लई घाईनं मिटतंय" म्हणून त्यांनी त्यात हात घातला. तेव्हापासून ते दार मिटावं की नाही याचा इतका विचार करतं, की म्हातारी माणसंसुद्धा जिना चढून आधी पोचतात. कुणी तक्रार केलीच तर काका म्हणतात, "राव, नवं सेटिंग हाय, बसायला वेळ लागतोच."

काकू होत्या तोवर या हातांना लगाम होता. स्वयंपाकघरातून "अवो, ठिवा ते" एवढं ऐकू आलं की पाना खाली. काकू गेल्या आणि त्यांची चालतीबोलती आठवण उरली ती मुलीच्या लग्नाच्या डीव्हीडीत. दिवाबत्ती झाली की काका ती लावून बसत. काकूंची साडी खरी वांगी रंगाची, पण त्यांच्या जुन्या टीव्हीवर ती निळी दिसायची. हे काकांना सोसेना. एक दिवस ते प्लेअरच्या मेनूत शिरले, व्हिडिओचं सेटिंग बदललं आणि चित्रच गेलं. आता परत फिरायचं तर मेनू दिसायला हवा, आणि मेनूही त्याच काळोखात. आवाज तेवढा चालू होता.

संध्याकाळी खालून सनई यायची, मंगलाष्टकं यायची आणि मधेच काकूंची हाक, "अवो, सोडा की ते! हिकडं या, फोटो काढत्यात." त्यावर लांबून काकांचा आवाज, "आलो, आलो!" पोरीच्या लग्नातही काका मांडवातल्या कूलरचं सेटिंग लावत होते. काळ्या पडद्यापुढे रिमोटची बटणं चाचपत बसलेले काका मला बघवेनात. म्हटलं, "काका, दुकानात दाखवू या."

"न्हाई. ज्यानं बिघडवलं त्यानंच लावून द्यायचं. बिघडल्याली मशीन फुडच्या शिफ्टच्या गळ्यात मारून मी कवा घरी गेलो न्हाई."

शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्र कुठे हरवलेलं नव्हतं. ते काकांच्या टीव्हीला जोडलेल्या पिवळ्या वायरीऐवजी शेजारच्या लाल-हिरव्या-निळ्या वायरींच्या वाटेने निघालं होतं, आणि त्या जोडायची सोय आमच्या टीव्हीला होती. "हात तुमचाच, टीव्ही फक्त माझा," या बोलीवर काका प्लेअर काखोटीला मारून वर आले. मेनू उजळला. त्यांनी सेटिंग पहिल्यासारखं केलं, आमच्या टीव्हीवरचं चित्र गेलं, म्हणजे ते पिवळ्या वायरीच्या वाटेला परतलं, आणि काकांना कोण आनंद झाला! जाता जाता त्यांनी आमचा टीव्हीही "उलसा, जरासाच" लावून दिला. तेव्हापासून आमच्याकडे बातम्या देणाऱ्या सगळ्यांना कावीळ झाली आहे.

आम्ही दोघं खाली आलो आणि काकांनी पिवळी वायर जोडली. काकू दिसल्या. निळ्याच साडीत. त्यांनी हाक मारली, लांबून "आलो, आलो" ऐकू आलं. इतके दिवस काका साडीचा रंग तेवढा बघत आले होते. आता ते नुसते बघत होते. काकू शेजारी एका माणसाची जागा सोडून उभ्या होत्या. फोटोवाला घाई करत होता. पदर सावरत त्या कूलरच्या बाजूला बघून हसल्या, मग हसू थोडं ओसरलं, पाहुण्यांपैकी कुणीतरी त्या जागेत शिरायला लागलं तर त्यांनी हाताने अडवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी रिमोट पुढे केला. "काका, रंग?"

"रंग ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "ही बघ की, किती वेळ थांबलीया."