आफ्रिकेतल्या मुलींसाठी झगे

मिसिसिपीकाठच्या आमच्या गावात केझाया ही टटलबाईंची गुलाम. तिच्या हातचं खाऊन पाद्रीसुद्धा बोटं चाटायचा. गेल्या वसंतात टटलबाईंना दिवाणखान्यात नवा गालिचा हवासा झाला, म्हणून केझायाची सात वर्षांची लेक टिल्डी त्यांनी दक्षिणेत गुलाम विकणाऱ्या दलालाला विकली. केझायाने त्या दिवशीही जेवण वेळेवर वाढलं.

दर गुरुवारी चर्चच्या आम्ही बायका त्याच गालिच्यावर बसून आफ्रिकेतल्या उघड्यावाघड्या मुलींसाठी झगे शिवायचो. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी शिवायचं. एकदा मिशनच्या पत्रात हकीकत निघाली, की तिकडे एका बाईची लेक पळवून नेऊन विकली. टटलबाई हुंदके देऊ लागल्या.

"काय मेले राक्षस तरी! त्या आईच्या काळजाचं काय झालं असेल!"

चहा ओतता ओतता केझाया थांबली. "बाईसाहेब, माझ्या टिल्डीची काही खबर..."

"आत्ता नको गं!" डोळे पुसत टटलबाई म्हणाल्या. "इथे माझाच जीव कासावीस झालाय. तुला वेळकाळ म्हणून काही कळतं का?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि हातातला झगा पुरा केला. सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता तो.